हाताने लिहिता येणारा प्रोटोकॉल

इंटरनेट रिले चॅट, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेले आयआरसी, हा संगणकासमोर बसलेल्या माणसांनी एकमेकांशी मजकुरातून थेट बोलावे यासाठी १९८८ मध्ये लिहिला गेलेला प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी आपसांत बोलण्याच्या नियमांचा संच, आहे आणि तो आजही रोज वापरात आहे. मी मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतराचे काम बरीच वर्षे करते आहे, आणि त्या कामातली निम्म्याहून अधिक बोलणी आयआरसीवर झाली आहेत. गटात नव्याने येणारी मुले-मुली हटकून विचारतात की हातातल्या फोनवर इतकी सोयीची अॅप्स असताना हे जुने माध्यम कशासाठी. तोंडी दिलेले उत्तर दरवेळी अपुरे पडते, म्हणून ते येथे सविस्तर लिहिते आहे. माझ्या मते आयआरसीचे सगळे सामर्थ्य एका गोष्टीत आहे: त्याची भाषा माणसाला डोळ्यांनी वाचता येते आणि हाताने लिहिता येते. जे कोणालाही लिहिता येते त्यावर कोणाला मालकी सांगता येत नाही, आणि आयआरसीच्या इतिहासातले बहुतेक बरे-वाईट प्रसंग या एका गोष्टीतून उलगडतात.

फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन हे १९८८ च्या उन्हाळ्यात आपल्या विभागाचा सन कंपनीचा सर्व्हर सांभाळत होते. त्या कामात त्यांचा सगळा वेळ जात नसे, म्हणून त्यांनी ‘ओउलूबॉक्स’ या बुलेटिन बोर्डात, म्हणजे संगणकावरच्या सूचनाफलकात, सुधारणा करायचे मनावर घेतले. त्या बोर्डावर अनेकांनी एकत्र बोलण्यासाठी ‘एमयूटी’ नावाचा एक प्रोग्रॅम होता. तो धड चालत नसे. ओइकारिनेन यांनी बिटनेट या जुन्या जाळ्यावरचा ‘रिले’ पाहिलेला होता. अमेरिकेत जेफ केल यांनी तो १९८५ मध्ये लिहिला होता, आणि एका सर्व्हरवरच्या माणसाचे बोलणे दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसांपर्यंत पोहोचवण्याची कल्पना त्यात आधीच रुजलेली होती. ऑगस्टच्या अखेरीस नवा प्रोग्रॅम तयार झाला आणि ‘टॉलसन’ नावाच्या यंत्रावर पहिला आयआरसी सर्व्हर चालू झाला. बुलेटिन बोर्डाच्या बाकीच्या सोयी नंतर घालायच्या असे ठरले होते, पण त्या कधीच आल्या नाहीत आणि गप्पांचा भाग तेवढा उरला.

पुढची पायरी मला विशेष महत्त्वाची वाटते. हा कोड ओउलूबाहेरही चालवता यावा म्हणून विद्यापीठाकडून तशी मोकळीक मिळवा, असा आग्रह यिर्की कुओप्पाला यांनी धरला. मोकळीक मिळताच त्यांनी स्वतःच दुसरा सर्व्हर उभा केला आणि दोन सर्व्हरांचे पहिले जाळे जोडले गेले. हेलसिंकी आणि टाम्पेरे येथील विद्यापीठांतल्या मित्रांनी आपापले सर्व्हर जोडले. फिनलंडबाहेरचे पहिले आयआरसी वापरकर्ते म्हणून विजय सुब्रमण्यम यांचे नाव नोंदलेले आहे. त्यांच्यामार्फत हा प्रोग्रॅम डेन्व्हर आणि ऑरेगन येथील विद्यापीठांत गेला. तेथे आधी वेगळे जाळे उभे राहिले आणि मग ते फिनलंडच्या जाळ्याला जोडले गेले. १९८९ च्या मध्यापर्यंत जगभरात सुमारे ४० सर्व्हर झाले होते. यात कोणतीही कंपनी नव्हती आणि कोणी कोणाशी करारही केला नव्हता.

मे १९९३ मध्ये ओइकारिनेन आणि डॅरेन रीड यांनी हा प्रोटोकॉल आरएफसी १४५९ या दस्तऐवजात लिहून काढला. इंटरनेटचे नियम आरएफसी नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत मांडले जातात. त्याचा दर्जा ‘प्रायोगिक’ असा आहे. पुढे एप्रिल २००० मध्ये क्रिस्टोफ काल्ट यांनी २८१० ते २८१३ या क्रमांकांचे चार आरएफसी लिहिले, तेही माहितीपर म्हणूनच प्रसिद्ध झाले. लाखो लोकांनी वर्षानुवर्षे वापरलेला हा प्रोटोकॉल इंटरनेटचे अधिकृत मानक कधीच झाला नाही.

आयआरसी समजून घ्यायचे असेल तर क्लायंट, म्हणजे आपल्या संगणकावरचा आयआरसीचा तयार प्रोग्रॅम, बाजूला ठेवावा, असे मी नव्यांना नेहमी सांगते. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडावे, नेटकॅट किंवा टेलनेट या साध्या प्रोग्रॅमने एखाद्या आयआरसी सर्व्हरच्या ६६६७ क्रमांकाच्या पोर्टशी जोडणी करावी आणि हाताने दोन ओळी टाइप कराव्यात. पहिली ओळ ‘निक’ या आज्ञेची, तिच्यापुढे आपण घेणार ते टोपणनाव. दुसरी ओळ ‘यूजर’ या आज्ञेची, तिला चार घटक लागतात. त्यातला पहिला वापरकर्त्याचे नाव, मधले दोन आता नावापुरते उरलेले, आणि शेवटचा आपले पूर्ण नाव. पूर्ण नावात मोकळी जागा येऊ शकते, म्हणून त्याच्या आधी कोलन द्यायचा. कोलनच्या पुढचे सगळे एकच घटक मानले जाते. सर्व्हरकडून येणाऱ्या बहुतेक ओळींच्या आरंभी कोण बोलतो आहे ते, मग आज्ञा, मग घटक, आणि शेवटच्या घटकाआधी कोलन: एवढे व्याकरण समजले की प्रोटोकॉलचा मोठा भाग हाती आला.

या दोन ओळी गेल्या की सर्व्हर उत्तर देतो. ००१ या क्रमांकाची ओळ म्हणजे स्वागत. त्यामागून सर्व्हरची माहिती येते, मग ३७२ या क्रमांकाने सुरू होणाऱ्या ओळींत ‘आजचा संदेश’ येतो आणि ३७६ ने तो संपतो. घेतलेले निक आधीच कोणाचे असेल तर ४३३ येतो. मग ‘जॉइन’ लिहून # या चिन्हाने सुरू होणारे चॅनेलचे, म्हणजे गप्पांच्या खोलीचे, नाव द्यायचे. ३३२ मध्ये चॅनेलचा टॉपिक येतो, ३५३ मध्ये हजर असलेल्यांची यादी, आणि यादी संपल्याचे ३६६ सांगतो. यादीत ज्या नावाआधी @ आहे तो चॅनेलचा ऑप, म्हणजे इतरांना बाहेर काढण्याचे अधिकार असलेला कारभारी. आता ‘प्रिव्हएमएसजी’, चॅनेलचे नाव, कोलन आणि नमस्कार असे लिहून एंटर दाबले की आपला नमस्कार दुसऱ्या खंडातल्या कोणाच्या तरी पडद्यावर उमटतो. त्या क्षणी मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात, कारण आपण नुसते बटण दाबले नाही, प्रत्यक्ष सर्व्हरशी बोललो, हे त्यांना कळलेले असते.

एवढ्यात ‘पिंग’ आणि त्यापुढे एखादा शब्द, अशी ओळ येते. तुम्ही अजून तेथे आहात ना, असे सर्व्हर विचारत असतो. तोच शब्द जोडून ‘पाँग’ असे उत्तर द्यावे लागते. हाताने टाइप करणारा माणूस गप्पांत रमला आणि उत्तर द्यायचे राहून गेले, की थोड्या वेळाने सर्व्हर जोडणी तोडतो आणि चॅनेलमध्ये इतरांना तो ‘पिंग टाइमआउट’ या कारणाने गेल्याचे दिसते. क्लायंट प्रोग्रॅम पडद्यामागे दिवसभर काय करत असतो, हे या एका गफलतीतून जितके नीट समजते तितके कोणत्याही आकृतीने समजत नाही.

आरएफसी १४५९ मधला आणखी एक नियम मला फार आवडतो. ‘प्रिव्हएमएसजी’ सारखीच ‘नोटिस’ नावाची आज्ञा आहे आणि ती तितकाच मजकूर नेते. फरक एवढाच की नोटिसला कोणत्याही प्रोग्रॅमने आपोआप उत्तर द्यायचे नाही. दोन बॉट, म्हणजे आपोआप बोलणारे प्रोग्रॅम, एकमेकांच्या उत्तराला उत्तर देत अखंड बोलत राहतील, ही शक्यता लेखकांनी १९९३ मध्येच ओळखली होती आणि एका वाक्यात तिचा बंदोबस्त केला होता.

सर्व्हर एकमेकांना जोडण्याची पद्धतही अशीच साधी आहे, आणि इथे साधेपणाची किंमत मोजावी लागली. आयआरसीचे सर्व्हर झाडाच्या फांद्यांसारखे जोडलेले असतात: कोणत्याही दोन सर्व्हरांमध्ये एकच वाट असते आणि कोठेही चक्र तयार होत नाही. त्यामुळे संदेश फिरून दोनदा येण्याची भीती नसते. मात्र मधला एक दुवा तुटला की जाळ्याचे दोन तुकडे होतात. त्यालाच नेटस्प्लिट म्हणतात. चॅनेलमधली चाळीस-पन्नास माणसे एकाच क्षणी गेलेली दिसतात आणि कारणाच्या जागी फक्त दोन सर्व्हरांची नावे असतात. त्यांनाही पलीकडून आपण गेलेलो दिसतो. दुवा जुळला की सगळे परत येतात.

या फाटाफुटीत एक छिद्र होते. रिकाम्या चॅनेलमध्ये जो पहिला शिरतो तो आपोआप ऑप होतो, हा मूळ नियम. जाळे फाटल्यावर एका तुकड्यात चॅनेल रिकामे पडले, तर तिकडे शिरून ऑप व्हायचे, आणि जाळे जुळले की ते अधिकार घेऊन खऱ्या मंडळींना बाहेर काढायचे, असे प्रकार सर्रास होत. त्यावर दोन वेगवेगळे उपाय निघाले. एका पक्षाचे म्हणणे असे की प्रत्येक चॅनेल केव्हा सुरू झाले याची वेळ सर्व्हरांनी एकमेकांना कळवावी आणि जुळणी होताना जुन्या चॅनेलचे ऑप कायम ठेवावेत. दुसऱ्या पक्षाला वाटे की जाळे फाटल्यावर ते चॅनेल आणि ती निक काही काळ कोणालाच घेऊ देऊ नयेत. सर्व्हर कोणी चालवायचे आणि नियम कोणी ठरवायचे, हे वाद त्यात मिसळले आणि जुलै १९९६ मध्ये जाळेच कायमचे दुभंगले. अमेरिकेकडचा बराच भाग ईएफनेट म्हणून राहिला आणि युरोपातले सर्व्हर आयआरसीनेट झाले.

ईएफनेट हे नावही अशाच एका भांडणातून आले होते. १९९० मध्ये बर्कली येथील ‘एरिस’ नावाचा सर्व्हर कोणालाही, कसलाही पासवर्ड न विचारता, आपला सर्व्हर जोडू देत असे. त्याचा गैरवापर होऊ लागल्यावर इतरांनी त्याला वगळून आपले जाळे वेगळे केले. ‘एरिस नसलेले जाळे’ म्हणून ते ईएफनेट. पुढे १९९२ मध्ये अंडरनेट आले, १९९४ मध्ये डालनेट आले, आणि डालनेटवर निक व चॅनेल नोंदवून ठेवण्याची सेवा रुजली. जेव्हा जेव्हा पटेनासे झाले तेव्हा तेव्हा लोक तोच प्रोटोकॉल घेऊन वेगळे निघाले. वापरणाऱ्याला फार तर क्लायंटमधला सर्व्हरचा पत्ता बदलावा लागला.

बातमीचे माध्यम म्हणून आयआरसीकडे जगाचे लक्ष गेले ते १९९१ मध्ये, आधी आखाती युद्धाच्या वेळी आणि मग ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघातल्या फसलेल्या उठावाच्या वेळी. तेथल्या प्रसारमाध्यमांवर बंदी असताना लोक चॅनेलवर येऊन घडामोडी सांगत होते, आणि त्या दिवसांचे लॉग, म्हणजे संभाषणांच्या नोंदी, अजून वाचायला मिळतात. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले केले, त्यामुळे हा सुरुवातीचा काळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नाही. खालेद मर्दम-बे यांचा एमआयआरसी हा विंडोजसाठीचा क्लायंट १९९५ मध्येच आला, आणि माझ्या पिढीतल्या अनेकांची आयआरसीशी ओळख सायबर कॅफेतल्या संगणकावर त्याच्यामार्फतच झाली.

आयआरसीचा मूळ पद्धतीचा सर्व्हर बोललेले काहीही लक्षात ठेवत नाही. संदेश आला, चॅनेलमध्ये हजर असलेल्यांना दिला आणि संपले. जो हजर नव्हता त्याला तो कधीच मिळणार नाही. आजच्या अॅपच्या सवयीने पाहिले तर हा मोठाच दोष वाटतो. मला तसा तो वाटत नाही, कारण संभाषण साठवायचे की नाही, कोठे साठवायचे आणि कोणी साठवायचे हा निर्णय त्यामुळे बोलणाऱ्यांच्या हाती राहिला. ज्याला लॉग हवा तो आपल्या संगणकावर ठेवतो. ज्याला चोवीस तास हजर राहायचे आहे तो एखाद्या सर्व्हरवर झेडएनसीसारखा बाउन्सर, म्हणजे आपल्या वतीने जोडणी धरून ठेवणारा प्रोग्रॅम, चालवतो, किंवा तेथेच ‘स्क्रीन’ या प्रोग्रॅममध्ये इर्सी हा क्लायंट उघडा ठेवतो आणि सकाळी रात्रीचे बोलणे वाचतो. अमेरिकेतला माणूस कामाला लागतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ होत आलेली असते, त्यामुळे दुपारी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर रात्री मिळणे हे आमच्या कामात नित्याचे आहे. ‘एक विचारू का?’ असे न विचारता थेट प्रश्न टाकावा आणि चॅनेल सोडून न जाता थांबावे, ही शिस्त याच गरजेतून आली.

सभा घेण्याची पद्धतही अशीच घडत गेली. डेबियन आणि फेडोरासारख्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या बैठका चॅनेलवर भरत. बैठकीची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते, म्हणजे १५:०० असे लिहिले असेल तर आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. एक बॉट चॅनेलमध्ये बसलेला असतो. अध्यक्षाने ठरलेली आज्ञा दिली की तो नोंद सुरू करतो, विषय बदलला की मथळा टाकतो, कोणाकडे कोणते काम आले ते वेगळे टिपतो, आणि बैठक संपताच इतिवृत्त तयार ठेवतो. ज्यांचे बोललेले इंग्रजी कच्चे आहे, पण लिहिलेले बरे आहे, अशा आमच्यासारख्यांना या बैठकांत जेवढे मोकळे वाटले तेवढे दूरध्वनीवरच्या बैठकांत कधी वाटले नाही. वाक्य लिहून, पुन्हा वाचून मग पाठवता येत असे, आणि उच्चारावरून कोणी आपल्याला जोखत नसे.

भारतातले एक उदाहरण येथे सांगितलेच पाहिजे. पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरच्या लिनक्स यूजर्स ग्रुपने २००८ पासून उन्हाळ्यात मोफत प्रशिक्षण सुरू केले आणि ते पूर्णपणे आयआरसीवर चालत असे. शिकवणारा चॅनेलमध्ये एकेक ओळ लिहितो. ज्याला शंका असेल त्याने फक्त उद्गारचिन्ह टाइप करायचे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. वर्गात हात वर करण्याची ही रीत एका चिन्हावर भागते. मंद आणि अधूनमधून तुटणाऱ्या इंटरनेटवर, जेथे चित्रफीत दिसणे अशक्य होते, तेथे असे वर्ग घेणे आयआरसीमुळेच जमले. एक ओळ म्हणजे फार तर अर्धा किलोबाइट; तेवढे कोणत्याही जोडणीवरून जाते.

आता २०२१ मधल्या प्रसंगाकडे येते, कारण माझे म्हणणे त्यातून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशातून होत नाही. फ्रीनोड हे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचे सर्वांत मोठे जाळे होते. लिनक्सची मदत मागण्याच्या एका चॅनेलपासून ते वाढत गेले, मग ओपन प्रोजेक्ट्स नेटवर्क झाले आणि २००२ मध्ये त्याला फ्रीनोड हे नाव मिळाले. जवळपास प्रत्येक मोठ्या प्रकल्पाचे चॅनेल तेथे होते. या जाळ्याचे नाव, डोमेन आणि सर्व्हर यांच्यावर नेमका कोणाचा ताबा आहे यावरून मालकी सांगणारी मंडळी आणि ते चालवणारे स्वयंसेवक यांच्यात वाद पेटला, आणि १९ मे २०२१ रोजी स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे देऊन लिबेरा चॅट हे नवे जाळे त्याच दिवशी जाहीर केले. ते स्वीडनमधली ना-नफा संस्था म्हणून नोंदवलेले आहे.

त्यापुढचे काही दिवस मी चॅनेलमागून चॅनेल हलताना पाहत होते. उबुंटू, विकिमीडिया, फेडोरा, जेंटू, आर्च असे प्रकल्प एकामागून एक निघाले. नव्या पत्त्याचा उल्लेख टॉपिकमध्ये केल्याबद्दल फ्रीनोडवरची शेकडो चॅनेल ताब्यात घेतली गेली, तेव्हा जे रेंगाळत होते तेही निघाले; जूनमध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि ग्नू प्रकल्पानेही लिबेराची वाट धरली. त्याच महिन्यात फ्रीनोडने नवे सर्व्हर सॉफ्टवेअर आणून नोंदवलेली सगळी निक आणि चॅनेल पुसून टाकली. एवढी मोठी वस्ती हलली, पण कोणाला नवे प्रोग्रॅम शिकावे लागले नाहीत. माझ्या क्लायंटमधल्या एका ओळीत सर्व्हरचे नाव बदलले, निक पुन्हा नोंदवले, आणि जुन्याच ओळखीच्या नावांची यादी ३५३ च्या ओळीत पडद्यावर आली. बॉट लिहिणाऱ्यांनीही तेवढेच केले.

याउलट स्लॅक या एका कंपनीच्या मालकीच्या चॅट-सेवेचे पाहा. सुरुवातीला स्लॅकमध्ये आयआरसी क्लायंटमधूनही शिरता येत असे, आणि अनेक तंत्रज्ञांनी त्या भरवशावर आपले गट तेथे नेले. १५ मे २०१८ रोजी कंपनीने ती वाट बंद केली. तो निर्णय घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. मात्र त्या दिवशी ज्यांची गैरसोय झाली त्यांच्यापुढे फ्रीनोडवाल्यांसारखा पर्याय नव्हता: पत्ता बदलून तोच गट, तीच साधने आणि तीच पद्धत घेऊन दुसरीकडे जाणे त्यांना शक्य नव्हते, कारण बोलण्याची भाषाच दुसऱ्याच्या मालकीची होती.

आयआरसीच्या उणिवा मी लपवणार नाही. मूळ प्रोटोकॉलमध्ये कोणतेही कूटलेखन नाही. आज बहुतेक जाळ्यांवर ६६९७ या पोर्टवरून सुरक्षित जोडणी होते, पण सर्व्हर चालवणाऱ्याला आपला मजकूर दिसू शकतो. निक ही तुमची आहे हे मूळ प्रोटोकॉलला ठाऊकच नाही. नोंदणी हा वरून चढवलेला थर आहे. त्रास देणाऱ्याला एका पत्त्यावरून बंदी घातली तर तो दुसऱ्या पत्त्यावरून येतो. मोझिलाने मार्च २०२० मध्ये आपला आयआरसी सर्व्हर बंद करून मॅट्रिक्स या नव्या चॅट-प्रोटोकॉलकडे जाण्याची जी कारणे दिली त्यांत नव्या माणसाला वाटणारी अडचण आणि हा उपद्रव ही दोन्ही होती, आणि ती खरी आहेत. फोनवर तर आयआरसी अवघडच जाते, कारण फोन जोडणी सतत धरून ठेवत नाही आणि प्रोटोकॉलला ती सतत लागते. या अडचणींवर आयआरसीव्ही३ या गटातले लोक काम करत आहेत. नोंदवलेल्या खात्याने जोडणीच्या वेळीच ओळख पटवणे आणि संदेशावर वेळेचा शिक्का येणे या सोयी आता अनेक जाळ्यांवर मिळतात. मागचे बोलणे सर्व्हरकडून मागून घेण्याची सोय काही सर्व्हरांवर आहे.

मराठीतून आयआरसी वापरणाऱ्याला मात्र आणखी एका मर्यादेशी रोज झुंजावे लागते. आयआरसीची एक ओळ, ती संपल्याचे सांगणाऱ्या शेवटच्या दोन खुणा धरून, जास्तीत जास्त ५१२ बाइटांची असते. तुमची ओळ पुढे देताना सर्व्हर तिच्या आरंभी तुमचे निक, वापरकर्तानाव आणि संगणकाचा पत्ता जोडतो, आणि तेही याच ५१२ मध्ये बसवावे लागते. प्रत्यक्ष मजकुराला साधारण ४३० बाइट उरतात. इंग्रजीत तेवढ्यात चार-पाच वाक्ये मावतात. देवनागरीचे मात्र प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या आज रूढ असलेल्या अक्षर-संकेतनात ३ बाइट घेते, आणि चिन्हांत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द दहा चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटांचा. ‘ज्ञानेश्वरी’ अकरा चिन्हांचा, ३३ बाइटांचा. मराठीचे एक भरगच्च वाक्य झाले की ओळ संपते.

ओळ संपल्यावर काय होते हे क्लायंटवर अवलंबून असते. जुने क्लायंट बाइट मोजून मजकूर तोडत, आणि तोड एखाद्या अक्षराच्या तीन बाइटांच्या मध्ये पडली की दोन्ही ओळींच्या टोकांना चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटत. आताचे चांगले क्लायंट पूर्ण चिन्हावर तोडतात. तरीही जोडाक्षराची त्यांना जाण असतेच असे नाही, त्यामुळे ‘विद्यार्थी’ या शब्दातला ‘विद्’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘यार्थी’ पुढच्या ओळीच्या आरंभी असे होऊ शकते. टर्मिनलमधल्या इर्सीत वेलांट्या आणि जोडाक्षरे अनेकदा विस्कटलेली दिसतात. म्हणून आमच्या गटातल्या भाषांतरकारांना मी हेक्सचॅटसारखा खिडकीतला क्लायंट सुचवत आले, आणि त्याचा विकास २०२४ मध्ये थांबल्यापासून वेब ब्राउझरमधून चालणारे क्लायंट सुचवते.

आरएफसी १४५९ ने कोणतीही वर्णसंच-व्यवस्था ठरवून दिली नव्हती. आठ-आठ बिटांचे अक्षर जाईल, त्याचा अर्थ तुम्ही लावा, एवढेच तो म्हणतो. मात्र निकच्या बाबतीत त्याने फिनलंडचीच सोय पाहिली. फिनिश आणि स्वीडिश कळफलकांवर त्या काळी चौकटी व महिरपी कंसांच्या जागी त्यांच्या भाषेतली स्वरचिन्हे असत, आणि एक कंस दुसऱ्याचे मोठ्या लिपीतले रूप ठरे. म्हणून प्रोटोकॉल सांगतो की चौकटी कंस असलेले निक आणि महिरपी कंस असलेले निक हे एकच मानावे. आजही अनेक सर्व्हर हा नियम पाळतात. फिनिश माणसाला आपल्या नावाचे अक्षर निकमध्ये वापरता यावे एवढी काळजी त्यात आहे. देवनागरी नावांची काळजी घेणारे त्या वेळी तेथे कोणी नव्हते. त्यामुळे आमचे सगळे भाषांतरकार वर्षानुवर्षे रोमन लिपीतल्या निकनेच वावरले, मराठीच्या चॅनेलमध्येसुद्धा.

यावरचा मार्गही शेवटी प्रोटोकॉल मोकळा असल्यामुळेच निघाला. ‘एर्गो’ नावाचा गो भाषेत लिहिलेला आयआरसी सर्व्हर निक आणि चॅनेलची नावे यूटीएफ-८ मध्ये स्वीकारतो, मागचे बोलणे साठवून ठेवू शकतो, आणि अनेक ओळींचा संदेश एकसंध पाठवण्याचा आयआरसीव्ही३ चा मसुदाही त्यात आहे. तो एका छोट्याशा भाड्याच्या यंत्रावर अर्ध्या तासात उभा राहतो. आमच्या गटाने तसा एक चालू केला आहे. तेथे चॅनेलचे नाव # च्या पुढे देवनागरीत ‘मराठी’ असे आहे आणि सभासदांची निक त्यांच्या स्वतःच्या लिपीत आहेत. ज्यांचे क्लायंट जुने आहेत त्यांना लांब संदेश अजून तुटकच मिळतात, म्हणून शब्दांच्या निवडीवरची चर्चा आम्ही एका ओळीत एकच पर्याय अशा पद्धतीने लिहितो.